खोलगट नाण्यांची पारख

महोदय,

अमेरिकेच्या १९०८ ते १९२९ मधील अडीच डॉलरच्या ‘इंडियन हेड’ (मूळ अमेरिकी रहिवाशाचे मस्तक असलेल्या) सुवर्णनाण्यांची प्रत ठरवताना सरावलेली नजरही फसते. शिल्पकार बेला लायन प्रॅट यांनी चित्र उठावाचे न ठेवता खोलगट कोरले, त्यामुळे भोवतीचा सपाट पृष्ठभागच आधी झिजतो. उजेड तिरपा पाडून गालाचे हाड आणि पिसांचा टोप पाहावा. तिथली झळाळी तुटली असेल तर नाणे वापरलेले समजावे.

सर्वांत कमी पाडली गेली ती १९११ ची डेन्व्हर टांकसाळीची नाणी, ५५,६८०. त्यावरचे टांकसाळीची खूण असलेले ‘डी’ अक्षर मागच्या बाजूला, बाणांच्या टोकांजवळ असते आणि बरेचदा पुसट उमटते. नेमके तेच अक्षर ते नसलेल्या साध्या नाण्यावर चिकटवून फसवणूक होते. अक्षराच्या कडेची फट भिंगाखाली तपासावी. आणि कृपया नाणे पुसू नका!

आपला,
एक नाणेसंग्राहक