जिनिंगवर कॅमेरे लावायला आलेल्या भाऊंना, तुमचं क्रिम्पर (वायरीला प्लग दाबून बसवायची पकड) माझ्याकडे आहे

भाऊ, नमस्कार. त्या दिवशी तुमचं नाव विचारलं नाही अन् नंबरही घेतला नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहून राह्यलो, कोणी ना कोणी तुमच्यापर्यंत पोचवेलच. दारव्हा तालुक्यातलं गाव, भाऊबीजेचा दिवस, जिनिंगवरून परत जाताना तुमची गाडी पंक्चर झाली अन् तुम्ही पाणी प्यायला आमच्या छपरीत टेकले, आठवलं का?

आम्ही चार पोट्टे तेव्हा दोन दिवसांपासून वायरीच जोडत बसलो होतो. एक पुण्याहून आलेला, एक नागपूरहून, दोघांचे लॅपटॉप, अन् माझ्या घरचे दोन जुने डेस्कटॉप. गावात रेंज एक काडी, त्यामुळे ऑनलाइनचं नावच नको. एज ऑफ एम्पायर्स २ खेळायचं होतं, 1999 चा गेम, माझ्या डब्ब्यावरही चालते, अन् लॅनवर, म्हणजे इंटरनेटशिवाय वायरीनं जोडलेल्या मशीनवर, आठ जण खेळू शकतात. सगळ्या मशीनच्या वायरी जिथं जोडतात तो स्विच मागून आणला, लाइट लुकलुकत होते, पण गेम काही जमेना. तालुक्याच्या एका दुकानात विचारलं तर म्हणे नवीन राउटर घ्या, नाही तर होतच नाही. आमच्याकडे पैसे नव्हते म्हणून वाचलो म्हणायचं!

तुम्ही आल्या आल्या विचारलं, "पिंग मारला का?" म्हणजे एका मशीनवरून दुसरीला हाक मारून उत्तर येते का पाहायचं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे. मग पाह्यलं तर दोन मशीनवर 169.254 वाले आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे मशीनचे नंबर, आपोआप आलेले अन् दोनवर कोण जाणे कधीचे हाताने टाकलेले. तुम्ही म्हणाले, पत्ते वाटणारा राउटर नाही ना मधात, तर मग आपणच वाटू. 192.168.1.11 पासून 14 पर्यंत, सबनेट (कोणते पत्ते एका गटातले ते सांगणारा आकडा) 255.255.255.0, गेटवे म्हणजे बाहेरच्या नेटवर्कचा दरवाजा रिकामा, कारण बाहेर जायचंच नाही. लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारा विंडोजचा पहारेकरी, आम्ही रागारागात पूर्ण बंद करून ठेवली होती, ती तुम्ही परत चालू केली अन् फक्त गेमला परवानगी दिली. गेममध्ये आम्ही आयपीएक्स नावाची जोडणीची जुनी पद्धत निवडत होतो, ते विंडोज व्हिस्टापासून काढूनच टाकलंय हे आम्हाला काय माहीत.

एवढं होऊनही छपरीतला डेस्कटॉप दर मिनिटाला अटकायचा. अन् या गेममध्ये एकाचं अडलं की चौघांचंही थांबते, कारण सगळ्या मशीन एकमेकांसाठी वाट पाहतात. नागपूरवाला तर मशीनच फेकून देतो म्हणे. ती वीसेक मीटरची वायर मीच बनवलेली, टेस्टरवर एक ते आठ सगळे लाइट बरोबर लागत होते, म्हणून तिच्यावर संशयच नव्हता. तुम्ही प्लग उजेडाकडे धरला अन् हसले. "काहून रे, रंग जोडीजोडीनं लावले का?" हो ना, नारिंगीची जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी, दोन्हीकडे सेम टू सेम, मला वाटलं किती नीट केलं!

तेव्हा तुम्ही जे समजावलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. 100 एमबीपीएस वेगाच्या नेटवर्कमध्ये प्लगच्या एक-दोन अन् तीन-सहा नंबरच्या अशाच दोन जोड्या चालतात, म्हणून तीन अन् सहावर एकाच पिळाच्या, म्हणजे एकमेकींभोवती गुंडाळलेल्या, तारा पाहिजे. माझ्या वायरीत तीनवर हिरवी अन् सहावर निळी गेली, पीळ वेगवेगळा, त्यामुळे बाजूच्या तारेचा आवाज हिच्यात मिसळायचा. छोट्या वायरीत एखादवेळ खपून जाते, लांब वायरीत अंगलट येते. टेस्टर फक्त तार पोचली का ते सांगते, पीळ कोणाचा ते त्याला दिसत नाही.

अन् खरं सांगू, आभार याच्यासाठीच मानायचे आहेत. तुम्ही दोन मिनिटात करून दिलं असतं, पंक्चरवालाही आवाज देत होता, पण क्रिम्पर माझ्याच हातात दिलं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिला प्लग गेला, दुसऱ्यात एक तार मागेच राह्यली. "अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ उकलू नको," हे तुम्ही तीनदा म्हणाले पण चिडले नाही. तिसऱ्यांदा कट्ट आवाज आला, अन् पिंगच्या ओळी एकही न चुकता खाली सरकू लागल्या तेव्हा तुम्ही म्हणाले "झालं ना बे" अन् चहा संपवला.

रात्री दोनपर्यंत खेळलो. मधात लाइन गेली, डेस्कटॉप बंद पडले, तरी दोन लॅपटॉप अन् इन्व्हर्टरवरचा स्विच यावर दोघं खेळतच होते. मी हरलो, ते सोडा.

तुमचं क्रिम्पर खाटेखाली राह्यलं, अन् पुडीतले सहा प्लगही. त्यातले दोन मी मागच्या आठवड्यात काकाच्या दुकानाच्या वायरीला लावले, दोन्ही पहिल्याच वेळी बसले, म्हणून आता चारच आहेत. जिनिंगवर परत आले की घरी या, आई म्हणते तेव्हापर्यंत तुरीच्या शेंगा येतील.