कंट्रोलर मॅडम, थँक्यू!

मा. संपादक,
मी वेंगुर्ल्याचा, पायलटचं ट्रेनिंग घेतोय. सोलो फ्लाइटवर किनाऱ्याकिनाऱ्याने परतताना सह्याद्रीकडनं ढग एकदम खाली आले, समोरचं दिसेना, आणि आम्हा स्टुडंट लोकांना ढगात शिरायला मनाई, निदान 5 किमी तरी दिसायलाच हवं. रेडिओवर सांगितलं तर एटीसीच्या (विमान वाहतूक नियंत्रण) कंट्रोलर मॅडमनी आधी समुद्राकडचं हेडिंग, म्हणजे जायची दिशा, दिलं, मग हाइट, एका वेळी एकच सूचना, तीपण सावकाश, मागून येणारं मोठं प्रवासी विमान होल्डवर ठेवलं आणि रनवे दिसेपर्यंत बोलत राहिल्या. गळ्याशी आलेला जीव त्या आवाजाने खाली बसला. फ्लाइट लेट झाली की एटीसीच्या नावाने सगळे खडे फोडतात, म्हणून हे पत्र जरूर छापा.
– एक शिकाऊ वैमानिक, वेंगुर्ला