बँकॉकला येताना दुपार मोकळी ठेवा

बँकॉक

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

तिकिटं काढल्याचं कळलं, फार आनंद झाला. आत्याही येतेय हे तर फारच छान. दिवसा मी कामावर असणार, त्यामुळे तुम्हा तिघांना बरंचसं आपलं आपणच फिरावं लागेल. म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. बाबा, याची प्रिंट काढून जवळ ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे दुपारी उन्हात फिरायचं नाही. मे महिन्यात इथला उकाडा सरलेला नसतो आणि पाऊसही सुरू होत असतो. हवा इतकी दमट असते की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. तहान लागायच्या आधीच गळून गेल्यासारखं होतं. सकाळी लवकर बाहेर पडा, अकराच्या सुमाराला एसीत या, जेवा, आडवे व्हा आणि चारनंतर पुन्हा निघा. पाहायच्या जागा निम्म्याच झाल्या तरी चालेल. बाबांच्या बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा. उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. आई, तू एक पातळ शाल घे. मॉलमध्ये आणि गाड्यांमध्ये एसी इतका गार असतो की घामेजलेल्या अंगाला कापरं भरतं.

राजवाडा सकाळीच करायचा. साडेआठला दार उघडतं, तिकीट माणशी 500 बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. तुम्हा दोघींच्या साड्या किंवा सलवार-कमीज उत्तम, बाबांनी मात्र हाफ पँट घालायची नाही. भूमिगत मेट्रोनं सनाम चाय स्टेशनला उतरा, तिथून राजवाडा चालत जाण्याइतका जवळ आहे. आता नीट लक्षात ठेवा: वाटेत एखादा टापटीप माणूस हसून सांगेल की आज राजवाडा बंद आहे, या रिक्षातून दुसरी देवळं स्वस्तात दाखवतो. ती रिक्षा देवळावरून थेट रत्नांच्या दुकानात जाते. हा इथला जुना धंदा आहे. त्याच्याशी वाद घालू नका, थांबूही नका. बंद आहे की उघडं, ते तिकीट खिडकीपाशी जाऊनच बघा.

आत पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, आणि बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. पण बाबा, तुमचा खरा वेळ जाईल तो भोवतालच्या ओवरीत. तिथल्या भिंतींवर 178 चित्रांत अख्खं रामायण रंगवलंय, त्यांचं रामकियन. एका चित्रात पांढराशुभ्र मारुती डोंगराएवढा झालाय आणि रामाचा मंडपच त्यानं तोंडात धरलाय, रात्री कुणी रामाला पळवून नेऊ नये म्हणून. आपल्या अहिरावणाच्या गोष्टीचा हा इथला अवतार. सोन्याचा वर्ख जवळून बघा. ओवरीत सावली असते, त्यामुळे तिथे हवा तितका वेळ थांबा.

तिथून ‘वाट फो’ या देवळातला (इथे ‘वाट’ म्हणजे देऊळ) निजलेला बुद्ध जवळच आहे, 46 मीटर लांब. मग घरी. नदीपलीकडचं वाट अरुण संध्याकाळी करू. थातियन धक्क्यावरून पलीकडे नेणारी बोट मिळते, काही मिनिटांत पैलतीर.

रस्त्यानं जाणं शक्यतो टाळा. संध्याकाळी इथली वाहतूक हलत नाही, आणि पाऊस पडला की संपलंच. आकाशरेल्वे, मेट्रो आणि नदीतल्या नारिंगी झेंड्याच्या बोटी, एवढ्यावर जवळजवळ सगळं होतं. आकाशरेल्वे आणि मेट्रोची तिकिटं वेगवेगळी असतात, हे ध्यानात ठेवा. टॅक्सी घ्यावीच लागली तर काचेत लाल दिवा पेटलेली थांबवा. इथे लाल म्हणजे रिकामी. बसण्याआधी ‘मीटर’ एवढंच म्हणा. नाही म्हणाला तर सोडून द्या, दुसरी येते. आपल्या घराचा पत्ता थाई लिपीत लिहून मी तिघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या देईन. रस्ता ओलांडताना झेब्रा पट्ट्यांवर विसंबू नका, पादचारी पूल वापरा.

आत्याच्या जेवणाची काळजी करू नका. नुसतं शाकाहारी सांगितलं तर भाजीत माशाचा सॉस येतो, कारण तो इथे मिठासारखा वापरतात. त्याऐवजी ‘किन जे’ म्हणायचं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असलेल्या दुकानांत हे जेवण मिळतं. त्यात मांस-मासे-अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. तिच्यासाठी याहून चांगलं काय! पाणी मात्र बाटलीचंच प्या.

सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर किंवा बागेत राष्ट्रगीत लागतं. लोक जागच्या जागी उभे राहतात, तुम्हीही राहा. राजाबद्दल चेष्टेनंही काही बोलायचं नाही, इथला कायदा त्याबाबत फार कडक आहे. नोट पडली तर पायानं अडवू नका, तिच्यावर राजाचं चित्र असतं. लहान मुलांच्या डोक्यावरून कौतुकानं हात फिरवायची आईची सवय इथे नको, डोकं पवित्र मानतात. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नसतो, बोटीत त्यांची जागा राखीव असते.

एटीएममधून थोडे थोडे पैसे काढू नका, परदेशी कार्डावर दर वेळी 200 बाटच्या वर शुल्क कापतात. काही अडलंच तर 1155 वर पर्यटक पोलीस इंग्रजीत बोलतात, रुग्णवाहिकेसाठी 1669. पण आधी मला फोन करा, मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

आणि तिघांच्या पासपोर्टचे स्वच्छ फोटो पाठवा. इथे उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन प्रवेशपत्र भरावं लागतं. सरकारी साइटवर ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या साइट खोट्या असतात. तुम्ही भरायला बसू नका, मीच भरते.

तुमची धाकटी