बाबा, 251 ऐकलं

तीर्थरूप बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून बसून लिहितेय.

काल इथं अमेरिकेत स्क्रँटनला गेले होते आणि तिथं अल्को कंपनीचं पीए हे जुनं डिझेल रेल्वे इंजिन पाहिलं. हे इंजिन घोरपडीच्या शेडमध्ये कधी येणं शक्यच नव्हतं. 1946 ते 1953 या काळात अल्कोच्या शेनेक्टडीच्या कारखान्यात लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांसाठी ही बनली. केबिन नसलेली जोड-इंजिनं धरून एकूण 297. त्यातली जवळजवळ सगळी भंगारात गेली.

तोंड केवढं लांब! आपल्या शेडमधल्या डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनाचा हूड म्हणजे सरळ पेटी, याचं नाक मात्र पुढं काढलेलं, आणि दिवा चौकोनी जाळीत बसवलेला. तुम्ही पहिलं विचाराल ते मी खाली वाकून बघून आले: आस सहा, पण चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटर चारच. प्रत्येक बोगीतला, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्यातला, मधला आस नुसता वजन पेलतो.

बाबा, याची कहाणी ऐका. 1948 मध्ये सांता फे रेल्वेसाठी बनलं. 1967 मध्ये डेलावेअर अँड हडसननं अशी चार विकत घेतली, त्यात हे 18 नंबरचं. चौघंही 1978 मध्ये मेक्सिकोला गेली आणि तिथं त्यांची पार दुर्दशा झाली. दोन तिकडंच राहिली. हे 2000 साली परत आलं तेव्हा नुसता सांगाडा होता. पोर्टलंडच्या डॉईल मॅककॉर्मक यांनी तो ताब्यात घेतला. हे स्वतः इंजिन चालवणारे गृहस्थ. वीसेक वर्षं त्यांनी त्यावर घालवली, एकेक पत्रा, एकेक पाइप जमवत. निकल प्लेट रेल्वेचा निळा रंग आणि 190 हा नंबर त्यांनीच दिला. 2023 मध्ये ते स्क्रँटनला आलं. इथल्या छोट्या रेल्वेकडं अजून बरीच अल्को कामावर आहेत, त्यामुळं त्याला हात लावणारी माणसं जाणती आहेत. मला त्याचं फार बरं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. पीएच्या पोटात मुळात 16 सिलिंडरचं 244 मॉडेलचं डिझेल इंजिन असायचं. घाईनं बाजारात आणलेलं. क्रँकशाफ्ट आणि टर्बोनं त्यानं रेल्वेवाल्यांना रडवलं. पुढं अल्कोनं 251 काढलं, तुमच्या डब्ल्यूडीएम-2 मधलं. आणि या 190 मध्ये मॅककॉर्मक यांनी बसवलंय ते 251 च! तुमच्याकडच्या 16 ऐवजी 12 सिलिंडरचं, एवढाच फरक.

मी पोचले तेव्हा ते चालूच होतं. आयडलवर तीच जड, अडखळल्यासारखी धक्-धक्. तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसिंगला टेकवून मूठ कानाशी धरायचात आणि मग मलाही ऐकवायचात, तेव्हा मी दुसरीत असेन. काल डोळे मिटले तर शेडमधला डिझेलचा वास, तुमचा निळा डांगरी ड्रेस, सगळं समोर. मग ड्रायव्हरनं ताकदीचा नॉच वाढवला. आधी काळ्या धुराचा लोट, त्यामागून टर्बोची शिट्टी चढत गेली. कोयना शिंदवणे घाट चढताना यायची ना, तीच.

शेजारी एक म्हातारे आजोबा उभे होते. माझे वडील पुण्यात हीच इंजिनं दुरुस्त करायचे, असं सांगितल्यावर त्यांनी टोपी काढून माझा हात हातात घेतला. "भारतात अजून चालतात?" असं त्यांनी विचारलं. मी वाराणसीच्या कारखान्याचं सांगितलं, की शेनेक्टडी 1969 मध्ये बंद पडल्यावरही तिथं वर्षानुवर्षं अल्को बनत राहिली. ते ऐकतच राहिले.

पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग दादाच्या मोबाईलवर पाठवलंय. मोठा स्पीकर लावून ऐका. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास एक बारीक खडखड येते. मला इंजेक्टरची वाटली. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

आईला सांगा, मेतकूट पोचलं. तिला नमस्कार.

तुमची,
ताई