तंबूंना बंदी नको, मुरमाचे ओटे द्या

संपादक महोदय,

दसरा उलटला की खान्देशात शनिवार-रविवारी तंबू घेऊन बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढते. तोरणमाळचा यशवंत तलाव, पाल, पाटणादेवी, लळिंगचा परिसर, हतनूर धरणाचा काठ, जिथे सपाट जागा दिसेल तिथे मुक्काम पडतो. सोमवारी मागे राख, बाटल्या आणि थर्माकोलच्या पत्रावळी उरतात. मग सरसकट बंदीची मागणी होते. बंदीने मुक्काम थांबत नाहीत. लोक रस्ता सोडून आणखी आडबाजूला जातात आणि तिथे काही झाले तर मदतही पोहोचत नाही. वनविभाग, जलसंपदा विभाग आणि नगरपालिका यांनी आपापल्या उद्यानांत तंबूंची जागा आखून द्यावी, एवढीच या पत्रातली मागणी आहे. ती कशी असावी, हे मात्र जरा सविस्तर सांगायला हवे.

आधी कायद्याचे. पाल यावल अभयारण्यात येते, पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात, आणि शिरपूर तालुक्यातले अनेर धरणही अभयारण्यच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ नुसार परवानगीशिवाय अभयारण्यात शिरता येत नाही आणि कलम ३० नुसार तिथे आग लावणे गुन्हा आहे. दिवसा देवीच्या दर्शनाला जाता येते, म्हणून रात्री तंबू ठोकता येतो असे नाही. त्यामुळे या ठिकाणी जागा द्यायची ती प्रवेशद्वाराजवळ किंवा विश्रामगृहाच्या आवारातच, रानात आत नव्हे. वनरक्षकाची नजर राहते आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही मोकळी राहते.

आता ओट्यांचे. चार माणसांचा तंबू साधारण सव्वादोन मीटर लांब-रुंद असतो. दोऱ्या ताणायला चारही बाजूंनी अर्धा-पाऊण मीटर धरला, तर साडेतीन मीटर चौरस ओटा पुरतो. दोन ओट्यांमध्ये निदान आठ मीटर अंतर हवे, नाहीतर शेजारचे घोरणे आणि मोबाइलवरची गाणी सगळ्यांच्या वाट्याला येतात. ओटा मुरमाचा, चांगला कुटलेला, जमिनीपासून वीतभर उंच आणि एका बाजूला किंचित उतरता असावा. तापीकाठची काळी माती यासाठी निरुपयोगी. परतीच्या पावसाची एक सर आली तर तिचा चिखल तळव्याला किलोकिलोने चिकटतो आणि ओल्या मातीतून मेख सहज उपसून येते. तीच माती वाळली की तिला भेगा पडतात. सातपुड्यात उलट अडचण आहे. चार बोटे मातीखाली काळा पाषाण लागतो आणि तंबूसोबत मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक मेखा पहिल्याच ठोक्याला वाकतात. म्हणून ओट्याच्या चार कोपऱ्यांत आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर काँक्रीटच्या ठोकळ्यात लोखंडी कडी बसवावी, म्हणजे मेखेची गरजच नाही. कडी जमिनीच्या पातळीत असावी, वर आली तर अंधारात पाय अडकतो.

फक्त कृपा करून पेव्हर ब्लॉक बसवू नयेत. ठेकेदारांना ते फार प्रिय आहेत, पण त्यांत मेख शिरत नाही, सांध्यांतून पाणी वर येते आणि ऑक्टोबरच्या उन्हात तापलेली फरशी निम्मी रात्र खालून भाजत राहते.

जिथे ओटे नाहीत, तिथे मेख तंबूच्या विरुद्ध दिशेला तिरकी ठोकावी, म्हणजे दोरी आणि मेख यांत काटकोन होतो. मेख फूटभर लांब आणि सळईची असावी. पाषाण लागला तर दोरी डोक्याएवढ्या दगडाला बांधावी आणि त्यावर दुसरा दगड ठेवावा. वाळलेल्या फांदीखाली, नाल्याच्या कोरड्या पात्रात आणि धरणाच्या पाण्याला लागून तंबू लावू नये. हतनूरला हे विशेष लक्षात ठेवावे. आपल्याकडे आभाळ निरभ्र असले तरी वर मध्य प्रदेशात आणि विदर्भात तापी-पूर्णेच्या पाणलोटात पाऊस झाला, की इथे पातळी वाढते आणि ४१ दरवाजांपैकी काही उघडावे लागतात. दरवाजे उघडले की खालचे पात्र पाहता पाहता भरते.

आश्विन-कार्तिकातली थंडी फसवी असते. जळगावात दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास असतो, म्हणून लोक एक चादर घेऊन निघतात. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, तिथे जळगावपेक्षा पाच-सहा अंश कमीच धरावेत. शिवाय थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. दोन पांघरुणे असतील तर एक अंगाखाली घ्यावे. पहाटे तंबू आतून ओला झालेला दिसला की लोक दुकानदाराला शिव्या घालतात, पण ते पाणी बहुतेक वेळा आपल्याच श्वासाचे असते. थंडीच्या भीतीने सगळ्या चेनी बंद केल्या, की ती वाफ थंड कापडावर जमून थेंबथेंब गळते. वरची खिडकी चार बोटे उघडी ठेवावी आणि बाहेरचे आवरण आतल्या कापडाला टेकणार नाही इतके ताणावे. ओला तंबू तसाच गुंडाळून ठेवला तर आठवडाभरात बुरशी धरतो, म्हणून घरी गच्चीवर वाळवल्याशिवाय पिशवीत भरू नये.

आता भरताकडे येऊ, कारण खान्देशात मुक्काम आणि भरीत यांची ताटातूट अशक्य. चातुर्मास पाळणारी घरे चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला हात लावत नाहीत, पण पार्ट्या दिवाळीनंतर लगेच सुरू होतात. वांगी पऱ्हाट्यांवरच, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवरच, भाजायला हवीत, हे मान्य. पण पऱ्हाटीचा जाळ भसकन उंच उठतो, ठिणग्या हलक्या असतात आणि वाऱ्यासोबत लांब जातात. याच महिन्यांत सातपुड्यातले गवत वाळून पिवळे पडलेले असते. म्हणून रानात भरीत नको, ते शेतात किंवा उद्यानातल्या ठरवून दिलेल्या चुलीवरच व्हावे. चूल दगडाची, गुडघाभर उंच कठड्याची आणि भोवती तीन मीटर गवत खरवडलेली असावी. विझवताना माती लोटून भागत नाही, आत निखारे तासन् तास जिवंत राहतात. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि राख हाताला गार लागली तरच उठावे. याला एक बादली लागते. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी पाच लिटर पाणी धरले, तर ही बादली त्याहून वेगळी. कडेकपारीखाली तर धूर मुळीच करू नये. आग्या मोहोळ उठले तर पळण्यावाचून इलाज नसतो, आणि ते बराच लांबपर्यंत पाठ सोडत नाही.

सापांत मण्यार सगळ्यात धोक्याची. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. पुढे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, आणि लोक जेवण बाधले समजून पहाटेपर्यंत वाट पाहतात. तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा तंबू हा यावरचा साधा उपाय आहे. नुसती ताडपत्री अंथरून चांदण्यात झोपण्याची हौस इथे नको. दंशाची शंका जरी आली तरी चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काही करू नये. माणसाला हलू देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयाकडे निघावे. सातपुड्यात मोबाइलची रेंज बेभरवशाची आहे, तेव्हा जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते, हे निघण्याआधीच विचारून ठेवावे. आखलेल्या जागेच्या पाटीवर ही माहिती ठळक अक्षरांत हवी. सध्या अशा पाट्यांवर उद्घाटकांची नावेच ठळक असतात.

पावसाळ्यानंतरच्या गवतात बारीक किडे असतात, त्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. ताप साधारण आठ-दहा दिवसांनी चढतो, तोवर मुक्काम विसरलेला असतो आणि सगळे डेंग्यूच्या तपासण्यांमागे लागतात. अंगावर भाजल्यासारखी काळी खपली आहे का ते पाहावे आणि गवतात राहिल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होतो. म्हणून ओट्यांभोवतीचे गवत कापलेले हवे आणि कपडे गवतावर वाळत घालू नयेत.

शौचालय नसेल तर पाण्यापासून साठ-सत्तर पावले दूर, वीतभर खोल खड्डा करून नंतर बुजवावा. कचऱ्यासाठी अनामत रक्कम घ्यावी आणि भरलेली पिशवी दाखवली की परत द्यावी.

नवख्यांनी पहिली रात्र थेट सातपुड्यात काढू नये. जळगावच्या लांडोरखोरी वनोद्यानासारख्या गावालगतच्या जागेत शनिवारी रात्री दहा-बारा कुटुंबांपुरती सोय झाली, तर काय विसरले ते तिथेच कळेल आणि फार तर रिक्षा करून घरी जाता येईल.

हे काम यंदाच्या हंगामासाठी घाईने उरकण्यात अर्थ नाही. ओटे मे महिन्यात घालावेत. पावसाळ्यात मुरूम दबतो आणि पाणी कुठे साचते ते दिसते. सप्टेंबरअखेर त्या जागी पुन्हा मुरूम टाकून कुटला, की दसऱ्याला जागा वापरायला तयार होते.

आपला,
एक वाचक, चाळीसगाव