दांडा हलतोय हे आईने सांगितलंच नाही

ठाणे,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

दुपारी तुझा फोन आला तेव्हा माझ्या हातात ड्रिल मशीन होतं, म्हणून उचलला नाही. नंतर मेसेज वाचला. नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, ते चालायला लागले, हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढे तू लिहिलंयस, ‘अंघोळीची काही अडचण नाही, टॉवेलचा रॉड धरून उठतात.’ ते वाचलं आणि जेवण आटोपून लगेच लिहायला बसलो. तो रॉड त्यांना धरू देऊ नकोस. टॉवेलचा रॉड ओला टॉवेल पेलायला असतो, माणूस पेलायला नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. मंगळवारी आईच्या तळहातावर लाल चरा दिसला. म्हणाली, ‘काही नाही रे, विळीवर लागलं.’ चरा विळीचा वाटेना. बाथरूममध्ये जाऊन बघितलं, तर ग्रॅब बारचं, म्हणजे धरून उठायच्या दांड्याचं, एक टोक भिंतीपासून अर्धा इंच सुटलेलं आणि खाली फरशीवर पांढरट भुगा. आठ दिवस ती तो दांडा सोडून नळाची चोच धरून स्टुलावरून उठत होती. ‘तू दमून येतोस, त्यात हे कुठे सांगू?’ एवढंच बोलली. त्या रात्री मला घास गिळवेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, ओली फरशी आणि हातात गुळगुळीत नळ.

सुटलेल्या टोकाचा स्क्रू बोटांनीच बाहेर आला. दीड इंची, लोखंडी, गंजून तांबडा झालेला. त्याच्यामागोमाग गिट्टीही आली, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात ठोकतात तो प्लग. मग हिशेब लक्षात आला. टाइल साधारण ८ मिलिमीटर, तिच्यामागे सिमेंटचा माल आणि प्लास्टर मिळून पाऊण-एक इंच. म्हणजे तो स्क्रू खऱ्या भिंतीपर्यंत जेमतेम टेकला होता, सगळा भार टाइलमागच्या मालावर. त्यात आमच्या या घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे बारीक बुडबुडे असलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या. वजनाला हलके, आतून सच्छिद्र, स्क्रू ड्रायव्हरने खरवडले तरी भुगा पडतो. विटेत किंवा काँक्रीटमध्ये गिट्टी फुगून घट्ट बसते. इथे ती फुगते तशी भोवतालचा ब्लॉकच चुरत जातो, आणि रोज हिसका बसला की भोक मोठं होत जातं.

मिस्त्री आला, म्हणाला मोठी गिट्टी ठोकतो, वर एमसील भरतो, दहा मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. चुरलेल्या भोकात मोठी गिट्टी म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा तेच, आणि तेव्हा आई कशी पडली असती कोण जाणे. केमिकल अँकर हाही एक पर्याय होता, त्यात भोकात राळ भरून रॉड बसवतात. पण आमच्या बाथरूमची ती भिंत चार इंची आणि पलीकडे बेडरूम. म्हणून आरपार बोल्ट घालायचं ठरवलं.

जांभळी नाक्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून न गंजणाऱ्या ३०४ स्टीलचे ६ मिलिमीटरचे आट्यांचे रॉड, नट, वॉशर आणि ३ मिलिमीटर जाडीच्या दोन स्टीलच्या पट्ट्या आणल्या. पट्ट्या बेडरूमच्या बाजूला लावायच्या, म्हणजे ओढ एका बिंदूवर न येता पसरते. नुसता वॉशर लावला तर तो ब्लॉकमध्ये रुतत जातो.

भोकं पाडण्याआधी सगळ्यात महत्त्वाचं काम केलं. आईला कपड्यांनिशी कोरड्या बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, डोळे मिटून ऊठ, हात जाईल तिथे जाऊ दे. हात गेला फरशीपासून ३० इंचांवर. जुना दांडा होता ३६ वर! उभ्याने धरायला ३३ ते ३६ इंच ठीक, पण आईची उंची चार फूट दहा इंच, आणि ती बसून उठते. तीन वर्षं ती खांदा उचलून त्या दांड्याला लोंबकळत होती. मला हे आधीच कळायला हवं होतं.

नळाच्या वरच्या उभ्या पट्ट्यात ड्रिल लावलं नाही, पाइप तिथूनच वर जातो. टाइलवर मास्किंग टेप, काच-टाइलला भोक पाडायचं बिट, ड्रिलचा हॅमर बंद, वेग कमी आणि थेंब थेंब पाणी. बायकोने पलीकडून लाकडी फळी दाबून धरली होती, त्यामुळे प्लास्टरचा मोठा पोपडा उडाला नाही. सहा भोकं पाडायला तीन तास गेले. प्रत्येक भोकात आणि दांड्याच्या टोकाच्या चकतीमागे सिलिकॉन भरलं, नाहीतर पाणी झिरपून बेडरूमला ओल आली असती. नट बेताने आवळले, जास्त आवळले तर टाइल तडकते. चोवीस तास कोणी हात लावायचा नाही असं सांगून ठेवलंय. उद्या आधी मी माझं ७४ किलोचं सगळं वजन त्यावर टाकून बघणार. चांगल्या ग्रॅब बारने ११३ किलो पेलायला हवेत. मग आई.

आता नानांचं. तुमचं नेरुळचं घर सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमधलं. भिंत विटांची निघाली तर काम पुष्कळ सोपं, तीन इंची स्टीलचे स्क्रू आणि चांगल्या नायलॉनच्या गिट्ट्या पुरतात. टाइल आधी ठोकून बघू. पोकळ आवाज आला तर ती जागा सोडायची. तू पुण्याहून ऑनलाइन रबरी चकतीचा, चिकटवायचा दांडा मात्र मागवू नकोस. तो ओल्या टाइलवर केव्हा सुटेल ते सांगता येत नाही.

मी शनिवारी सकाळी ठाण्याहून थेट ट्रान्सहार्बरच्या लोकलने येतो, मशीन आणि सामान माझ्याकडे आहे. तोवर अंघोळीच्या वेळी दार नुसतं लोटून घ्यायचं आणि काकूंनी बाहेर थांबायचं. आणि हे सगळं नीट चाललंय का, ते नानांना विचारू नकोस, काकूंना विचार. नाना म्हणतील, काही अडचण नाही. स्टूल बाथरूममध्येच ठेवायला सांग, त्यांना बसवून माप घ्यायचंय.

तुझाच