नोंदणी विवाह आणि खानावळीतील जेवणाबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात आनंद होतो की, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात शिकायला आलेले आणि आपल्या खानावळीच्या एकाच बाकावर तीन वर्षे जेवलेले आपले दोन सभासद येत्या गुरुवारी विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये विवाहबद्ध होत आहेत. नोटिशीची ३० दिवसांची मुदत हरकतीविना पूर्ण झाली असून, कायद्याने आवश्यक असलेल्या ३ साक्षीदारांपैकी एक आपल्या काकू असतील. या दोघांचे सूत जुळल्याचे सर्वांत आधी त्यांनीच ओळखले, कारण तो आपल्या वाटीतली सोलकढी रोज न बोलता तिच्याकडे सरकवीत असे. (सोलकढी न आवडणारा मुलगा कोकणात रमला, हेच नवल.)

दोन्ही घरांतून अद्याप होकार नसल्याने वरपक्ष आणि वधूपक्ष अशा दोन्ही बाजू आपल्यालाच सांभाळावयाच्या आहेत. साक्षीदारांनी छायाचित्रे, ओळखपत्र व रहिवासाचा पुरावा मूळ प्रतींसह जवळ ठेवावा. मागच्या खेपेस एकाचे आधार कार्ड खोलीवर राहिल्याने सर्वांना दुपारपर्यंत ताटकळावे लागले होते. इतरांनी विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गर्दी न करता थेट खानावळीत जमावे. आहेर आणू नये. नारळ खवण्यासाठी मात्र चौघांनी सकाळी ६ वाजता, स्वतःची विळी घेऊन, हजर राहावे.

— व्यवस्थापक, खानावळ सभासद मंडळ